एक वीट वर

१२ मार्च

ठोकळ्या,

हे पत्र कामाचं आहे. खुशाली विचारत नाही. तुला ते आवडणार नाही आणि मलाही जमणार नाही.

सोबत संमतीपत्र आहे. घर आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे माझ्या एकटीच्या सहीने भागत नाही. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर आणि परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलंय, म्हणजे तुला पोस्टात जायचाही त्रास नको.

तुझा पत्ता पट्टीकाकांनी दिला. तू त्यांना दर वर्षी कार्ड पाठवतोस हे मला आत्ता कळलं. अकरा कार्डं त्यांच्याकडे आहेत, ती त्यांनी मला दुरूनच दाखवली. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. अजूनही उंची मोजायची पट्टी धरून उभे राहतात, आणि मी दुर्बिणीतून बघत असताना अजूनही हलतात.

काम काय आहे ते सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई घर विकायला निघाली. वरच्या रस्त्यावरून नदीपर्यंत माणसांना चालत जायला वाटा करायच्या आहेत. नदी सगळ्यांना गच्चीवरून दिसते, पण तिच्यापर्यंत धड पोचता कोणालाच येत नाही. साहेबांना वरपासून खालपर्यंत सरळ जिना हवा होता, चौसष्ट पायऱ्या, वर कमान आणि दोन्हीकडे दिवे. चित्र छान होतं. मी विचारलं, साहेब, पाऊस पडला की या जिन्यावरून काय खाली येईल? ते म्हणाले, पाणी तुमचं खातं, वाटा माझं. मी म्हटलं, जमिनीला ही खाती माहीत नाहीत. ते रागावले नाहीत, चहा मागवला. बरे आहेत.

मग मी आणि पट्टीकाकांनी दोन नकाशे केले. कोरड्या दिवसांत माणसं कुठून चालतात ते एकावर, आणि पावसात छत्री घेऊन उभं राहून पाणी कुठून वाहतं ते दुसऱ्यावर. दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. निम्म्याहून जास्त ठिकाणी रेषा एकच होती. म्हाताऱ्या बायका, हातगाडीवाले, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे पाण्याच्याच रस्त्याने उतरतात. दोघांनाही चढ नको असतो. बाबा हे आपल्याला अंगणात बादली ओतून दाखवायचे, आणि तू त्या ओघळाच्या मागे रांगत जायचास.

अशा तीन वाटा निघाल्या. तिसरी आपल्या गल्लीतून, आपल्या अंगणातून आणि मागची भिंत पाडून जाते. मी मुद्दाम तशी काढलेली नाही. जमीनच तशी आहे.

सही लवकर पाठव.

ताई

२ एप्रिल

ठोकळ्या,

कागद आला नाही. पत्ता चुकला असेल असं काका म्हणाले, पण तसं बोलताना माझ्याकडे न बघता पट्टी पुसत होते.

तुला घराची काळजी असेल तर ऐक. घर बंद आहे. आई माझ्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे गेले पण जीभ शाबूत आहे. समोरच्या बाईला तिने परवा सांगितलं, माझी मुलगी गटारात काम करते. मी म्हटलं, आई, पावसाळी गटारांचे आराखडे करते. ती म्हणाली, तेच ते, तू वरून बघतेस एवढंच.

मी वाट कशी करतेय ते लिहिते. आधी पाण्याला जागा द्यायची, उरेल ती माणसाला. एका बाजूने उथळ, उघडी पन्हळ. तिच्यात लहान मूल उतरलं तरी घोटाही बुडू नये. माणसांची वाट पन्हळीच्या उंच बाजूने, वीस पावलांत एक पाऊल खाली, याहून जास्त उतार कुठेही नाही. पन्हळ भरून वाहिली तर ती पलीकडच्या बाजूला सांडेल, माणसांच्या अंगावर नाही. अधेमधे पसरट खड्डे, त्यांत गवत आणि लव्हाळे. तिथे पाणी थबकतं, गाळ टाकतं आणि मुरतं. थकलेला माणूसही साधारण तेवढ्याच अंतरावर बसायला जागा शोधतो, म्हणून बाकं तिथेच ठेवली. आईला आराखडा दाखवला तर तिने फक्त विचारलं, पायऱ्या किती? म्हटलं, एकही नाही. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, बरं.

सगळ्यात खोल खड्डा आपल्या अंगणात येतो, मागच्या खोलीच्या जागी.

तिथे गेले होते मापं घ्यायला. मागच्या भिंतीतलं भोक तू बुजवलंस ती वीट अजून वेगळी दिसते, तुझं काम नेहमीप्रमाणे नीट आहे. विटेभोवतीच्या दरजा अगदी सरळ भरलेल्या. मी तिथे उभी राहिले आणि काही वाटतंय का ते पाहिलं. वाटलं नाही. त्या दिवसापासून असंच आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, झोप येते का, भूक लागते का. दोन्ही व्यवस्थित आहे म्हटलं. मग ठीक आहे म्हणाल्या.

आई त्या दिवसाबद्दल बोलत नाही. गुडघाभर पाणी होतं, त्यात माणूस बुडत नाही. पण बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, खाट बुटकी, आणि ती खोली बाकी घरापेक्षा दोन पायऱ्या खाली. दुपारचे चार वाजले होते. आई डोळे तपासायला गेलेली, तू कामावर, आणि मी ऑफिसच्या खिडकीतून पाऊस बघत होते. तेराव्या दिवशी आई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, भोक बुजवलं नसतंस तर पाणी निघून गेलं असतं. तू तिच्याकडे बघितलंस, तोंडातून ब्र काढला नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी थापी-ओळंबा पिशवीत घालून निघून गेलास. मी तिथेच होते. मीही काही बोलले नाही.

कागद पाठव.

ताई

१९ एप्रिल

ठोकळ्या,

कागद मिळाला. सही आहे, पत्र नाही. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं.

तुझी सही बदलली. आधी शेवटच्या अक्षराला शेपूट असायचं.

साहेबांनी तिसरी वाट मंजूर केली. फाईल माझ्यासमोर बंद करून म्हणाले, झालं, आता कुठे घोडं अडलंय तुमचं, चेहरा असा का? मी म्हटलं, चेहरा असाच आहे साहेब. त्यांना वाटलं मी विनोद केला.

खरंच सगळं झालं. मला तुझ्याकडून जे हवं होतं ते मिळालं. आता तुला लिहायला काही कारण उरलेलं नाही. कागद येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की सहीसाठी लिहितेय.

आज दुपारी काकांना विचारलं, तुम्ही त्याला कधी सांगितलं का? कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, ते माझं काम नाही बाई, तुमचं आहे. मी नुसती पट्टी धरतो.

उद्या लिहिते.

ताई

२० एप्रिल

ठोकळ्या,

आज रजा टाकली. आई खाली बाकावर बसलीय, तिला लिफ्टने सोडून आले. तेवढ्या वेळात हे लिहून टाकते.

आपल्या पुढच्या दारातल्या पायरीवर बाबांनी छिन्नीने कोरलेली खूण होती. तू लहान असताना ती बाणासारखी म्हणून तिच्यावर बोट फिरवायचास. त्या भागातल्या सगळ्या उंच्या त्यांनी त्या खुणेपासून मोजल्या होत्या. कुठलीही नवी उंची काढायची तर त्या पायरीवर पट्टी ठेवायची, वहीत लिहिलेला तिचा आकडा घ्यायचा आणि तिथून पुढे निघायचं. आणि संपवायचं मात्र दुसऱ्या खुणेवर, पुलाच्या कोपऱ्यावर. तिथला आकडा जुळला तरच काम खरं. बाबा याला दार लावणं म्हणायचे. दार लावल्याशिवाय घरी यायचं नाही, हे त्यांनी प्रत्येकाला शिकवलं, मला तर मी शाळेत असल्यापासून.

त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी नवीन पावसाळी गटार टाकलं ते माझं काम होतं. पहिलंच स्वतंत्र काम. पट्टी आपल्या पायरीवर ठेवली, काकांनी आकडा सांगितला, आणि मी पुढे गेले. पुलापर्यंत गेले नाही. मला वाटलं, घरची पायरी आहे, बाबांची खूण आहे, ती काय तपासायची? ऊन होतं, कंटाळा आला होता. एवढंच.

पायरी त्याआधी तीन महिने तू नवीन बसवली होतीस. जुनी तडकली होती. नवी एक वीट वर घेतलीस, आणि बाबांना वाईट वाटू नये म्हणून खूण जशीच्या तशी वर कोरलीस. वहीत आकडा मात्र जुनाच राहिला. म्हणून मी आखलेलं सगळं एक वीट वर बसलं. नव्या पाइपचं तोंड वरून येणाऱ्या जुन्या गटारापेक्षा उंच झालं. चेंबरमध्ये उतरलेला गवंडी म्हणालासुद्धा, बाई, तोंड वर वाटतंय, एकदा बघून घ्या. मी म्हटलं, कागद बघून लाव, डोळ्यांनी नको.

पाणी त्या तोंडाशी अडलं, गाळ साचला, आणि त्या दुपारी चेंबर उलटं भरून वाहिलं. तिथून ते आपल्या गल्लीत उतरलं. पुढचं तुला माहीत आहे.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मी आणि काका पुलापासून उलटे मोजत घरापर्यंत आलो. एका विटेचा फरक. काकांनी आकडा वाचला आणि विचारलं, वहीत लिहू? मी म्हटलं, राहू द्या. त्याच आठवड्यात दुरुस्तीच्या नावाखाली पाइप खाली घेतला. तेव्हापासून गल्लीत पाणी आलेलं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

तुझ्या भोकाचंही गणित मी केलं. एका विटेएवढं भोक. ते उघडं असतं तर खोलीतलं पाणी चार बोटं कमी झालं असतं. फार तर पाच. बाबा वाचले नसते.

हे मला तू गेल्यावर दोन महिन्यांत माहीत होतं. तू कुठे आहेस ते काकांना माहीत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. आईसमोर तुझं नाव निघालं की मी भाजी चिरायला घ्यायचे. नोकरी जाईल ही भीती पहिल्या वर्षी होती. नंतर तीही नव्हती, नुसती सवय झाली. तू दोषी आणि मी गप्प, अशी घडी बसली होती.

पायरी तू उचललीस हे मला माहीत नव्हतं. तरीही तपासणं माझं काम होतं.

ताई

२१ एप्रिल

ठोकळ्या,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि ऑफिसला गेले. त्यातलं शेवटून दुसरं वाक्य खोटं आहे.

मला माहीत होतं. पायरी बसवलीस त्याच दिवशी तू ऑफिसात फोन केला होतास. म्हणालास, ताई, पायरी एक वीट वर घेतलीय, खूण तशीच कोरलीय, तुझ्या वहीत तेवढं बदलून घे, नाहीतर बाबा माझी सालं काढतील. मी म्हटलं, हो रे, लिहिते. तेवढ्यात कोणीतरी सहीला कागद घेऊन आलं. मी लिहिलं नाही. तीन महिन्यांनी पट्टी पायरीवर ठेवली तेव्हा ते डोक्यातही नव्हतं.

बघ, अकरा वर्षांनी खरं सांगायला बसले, तरी शेवटी अर्धी वीट तुझ्या माथी मारलीच. पोस्टातल्या माणसाला म्हटलं, ते पाकीट परत मिळेल का? तो म्हणाला, गेलं बाई.

तुझी काही चूक नव्हती. पायरीतही नाही आणि भोकातही नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी एवढंच होतं.

ऑफिसात आज जुनी वही काढली, तो आकडा खोडला, नवा लिहिला, शेजारी कारण लिहिलं आणि सही केली. साहेबांना लेखी दिलंय. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे वर पाठवावं लागेल. म्हटलं, पाठवा. तिसरी वाट पुरी होईपर्यंत मला राहू द्या म्हणून विनंती केलीय. बघू.

आईला सांगायचं राहिलंय. जिवावर आलंय.

ताई

९ मे

ठोकळ्या,

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं, फोन, पायरी, पुलापर्यंत न जाणं. तिने मान वर केली नाही. मटार संपले तशी टरफलं गोळा केली आणि उठली. त्यानंतर चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण करून झाकून ठेवायची. मी जेवायचे. मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल, रडू येईल. आलं नाही. भात थोडा कच्चा होता, तेवढं कळलं.

पाचव्या दिवशी म्हणाली, मला तिकडे घेऊन चल.

वाटेची आखणी झालीय. वरपासून खाली खुंट्या, त्यांना सुतळी, आणि पन्हळीच्या जागी चुन्याची रेघ. उताराचं काम अर्धं झालंय. आई काठी टेकत निघाली, मी मागे. मध्ये एकदा थांबली आणि म्हणाली, बरी उतरतेय गं, पाय लटपटत नाहीत. मी म्हटलं, वीस पावलांत एक. ती म्हणाली, मला आकडे नको सांगूस. वाटेत तेवढंच बोलणं झालं. खाली गल्लीच्या शेवटी काका पट्टी घेऊन उभे होते. आईला बघून त्यांनी टोपी काढली आणि उगाचच दुसरीकडे गेले.

घराशी आलो. ती पायरीवर बसली, खुणेच्या बाजूला. मागची भिंत तिथून दिसते, मधली खोली आता उतरवलीय. ती बराच वेळ त्या विटेकडे बघत होती.

मग म्हणाली, उंदीर फार झाले होते.

म्हटलं, हो.

म्हणाली, पिठाच्या डब्यात लेंड्या सापडल्या. रोज त्याच्या मागे लागले होते मी, ते भोक बुजव. तो म्हणायचा, आई, अंगणातलं पाणी कुठून जाईल? बाबांनी मुद्दाम ठेवलंय ते. शेवटी म्हटलं, आज बुजवलं नाहीस तर पानात वाढणार नाही. बापाचं शहाणपण मला शिकवू नकोस. बुजवलं मग त्याने. मी समोर उभी राहून बुजवून घेतलं.

मी विचारलं, आणि तेराव्याला?

ती म्हणाली, तेराव्याला माझ्या तोंडून ते गेलं. मला वाटलं, तो आता सांगेल, की तूच सांगितलंस. मी वाट बघत होते. माझ्याकडे बघितलं त्याने. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज मी सांगीन. तोवर गेला होता.

ठोकळ्या, मी अकरा वर्षं समजत होते की तुझ्याकडे बोलायला काही नव्हतं म्हणून तू गप्प होतास.

मी तिच्याशेजारी बसले. तेव्हा मात्र मला रडू आलं. आईने पाठीवर हात ठेवला नाही, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धर जरा, पदर सोडवू दे, खुंटीत अडकलाय.

सोमवारी मागची भिंत पाडायची होती. ती पाडल्याशिवाय पन्हळ पुढे नदीकडे काढता येत नाही. मी माणसांना पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. कारण विचारलं तर सांगितलं, मोजमाप बाकी आहे.

आईचा निरोप जसा बोलली तसा लिहिते. त्याला म्हणावं, भोक मी बुजवून घेतलं होतं, हे सगळ्यांना सांगितलंय. समोरच्या बाईलासुद्धा. त्याला म्हणावं, येऊन ती वीट काढ. वाटेत एकही पायरी नाही, मी खालपर्यंत त्याच्याबरोबर चालीन.

तू आला नाहीस तर पहिला घाव तीच घालणार आहे. त्यासाठी तिने काकांकडून हातोडा आणवून खाटेखाली ठेवलाय. एक्याऐंशीची आहे. तिला तो उचलवत नाही, आणि ती ऐकत नाही.

ताई